तीन हजारांच्या खाली

आधीच सांगून टाकते, चूक माझी होती. भावाचीही होती, पण त्याची चूक लगेच सगळ्यांना दिसते, कारण तो जे काही करतो ते मोठ्याने करतो. माझी चूक छापील होती, तारखेसकट भिंतीवर टांगलेली होती, म्हणून तीन महिने कोणाला तिचा संशयही आला नाही.

आम्हा दोघांचं गॅरेज आहे. धाकटा इंजिनं उघडतो, मी डायनो चालवते. डायनो म्हणजे जमिनीत बसवलेले दोन जाड रोलर. गाडीची चाकं त्यांच्यावर ठेवायची, गाडी चारी बाजूंनी पट्ट्यांनी आवळायची आणि मग जागच्या जागी वाटेल तशी पळवायची. ती पळत असताना कॉम्प्युटर दोन रेघा काढतो, एक टॉर्कची आणि एक हॉर्सपॉवरची. लोक तो कागद हातात घेतात, पॉवरच्या रेघेचं सगळ्यात वरचं टोक शोधतात, आकडा वाचतात, आणि उरलेल्या कागदाची घडी करून खिशात कोंबतात. इतकी वर्षं बघतेय, तरी माझं डोकं फिरायचं राहत नाही.

अहो, तो आकडा एकटा काय सांगणार? टॉर्क म्हणजे इंजिन फिरताना किती जोर लावतं ते. घट्ट बसलेला नट पान्याने सोडवताना मनगटाला जो पीळ पडतो ना, तो. आणि पॉवर म्हणजे तोच जोर मिनिटाला किती फेरे लावला ते. जोर गुणिले फेरे, संपलं. जोर बेताचा असला तरी इंजिन भरपूर फिरवा, आकडा मोठा येतो. जोर दांडगा असेल पण इंजिन सावकाश फिरत असेल, तर आकडा बापुडवाणा दिसतो. म्हणून गाडीवाल्याने 'किती घोडे' एवढं विचारून थांबू नये, 'कितव्या फेऱ्याला' हेही विचारावं. हे मी शेकडो गिऱ्हाइकांना घसा कोरडा करून सांगितलंय. स्वतःच्या आईच्या गाडीच्या वेळी मात्र विसरले.

आई काच पोहोचवते. दुकानांची दर्शनी तावदानं, मोठे आरसे, टेबलांच्या काचा. तिच्या व्हॅनला बाजूने तिरका लोखंडी सांगाडा आहे, त्यावर लोकरीचा जाड नमदा. काच त्याच्यावर उभी टेकवायची, पट्ट्या बांधायच्या आणि निघायचं. एकतीस वर्षांत रस्त्यात तिच्याकडून एक काच फुटली नव्हती. काचेच्या कारखान्यात नवीन ड्रायव्हर आला की त्याला आधी एक दिवस तिच्या शेजारी बसवतात. तिचं सगळं कसब उजव्या पायात आहे. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा दोन हजारांच्या वर जाऊच देत नाही. मागे गाड्यांची रांग लागते, लोक हॉर्न वाजवतात, ती आरशात बघते, मान हलवते आणि आपल्याच चालीने चालते. व्हॅन जुनी, दोन लिटरचं डिझेल, एकशे बावीस घोडे. धाकट्याला या आकड्याची अगदी मनापासून लाज वाटायची.

हिवाळ्यात त्या व्हॅनचा टर्बो निळा धूर ओकायला लागला. धाकट्याला तेवढंच निमित्त हवं होतं. टर्बो म्हणजे इंजिनाच्याच धुराने फिरणारा पंखा, तो बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो. हवा जास्त, म्हणून इंधन जास्त, म्हणून जोर जास्त. पंखा छोटा असेल तर थोड्याशा धुरानेही फिरतो, पण पुढे इंजिन जोरात पळायला लागलं की त्याचा दम संपतो. मोठा पंखा खूप हवा देतो, पण तो फिरायला आधी खूप धूर लागतो, आणि सावकाश चालणाऱ्या इंजिनाचा धूर असतो केवढासा. जुना टर्बो छोटा होता. धाकट्याने आईच्या सहासष्टाव्या वाढदिवसाला मोठा बसवला. आठवडाभर घरी जेवायलाही आला नाही. मनात काही वाईट नव्हतं हो त्याच्या, आईला जगातली सगळ्यात दांडगी व्हॅन द्यायची होती.

बसवून झाल्यावर मी ती डायनोवर घेतली. आमच्याकडे बहुतेक येतात त्या शर्यतीच्या पेट्रोल गाड्या, सात-साडेसात हजारांपर्यंत किंचाळणाऱ्या. तीन हजारांच्या खाली त्यांना कोणी ठेवतच नाही, म्हणून आमची मोजणीच तीन हजारांवर सुरू होते. ते सेटिंग मी नऊ वर्षांपूर्वी केलं आणि पुन्हा त्याला हात लावला नाही. आईची व्हॅन चढवली, बटण दाबलं, आणि तीन हजारांपासून साडेचार हजारांपर्यंत रेघा अशा झोकात निघाल्या की मीसुद्धा शीळ घातली. एकशे एकाहत्तर. धाकट्याला स्वर्ग दोन बोटं उरला. मी कागद छापून भिंतीवर लावला. आईने तो पाहिला, छान आहे म्हणाली, आणि धूर थांबला का ते विचारलं.

त्यानंतर आईची गाडी सिग्नलला बंद पडायला लागली. आधी आठवड्यातून एकदा, मग रोज. धाकट्याने एक चक्कर मारून बघितली. तो पहिल्याच गिअरला साडेतीन हजारांना भिडतो, तेही रिकाम्या गाडीत. परत येऊन म्हणाला, नुसतं लोणी आहे. गाडीत दोष नाही हे असं सिद्ध झालं. मग दोष कुठे असणार, हे आम्ही कोणी तोंडाने बोललो नाही, पण दोघांच्याही मनात तेच आलं.

दुसऱ्या महिन्यात आरसा फुटला. चढाच्या गल्लीत अगदी वर एक सलून आहे, तिथे भिंतभर आरसा न्यायचा होता. अर्ध्या चढावर वळणाशी रस्ता इतका अरुंद आहे की वरून गाडी आली की थांबावंच लागतं. आई थांबली, पुन्हा निघाली, आणि मागे तड असा आवाज झाला. संध्याकाळी ती स्वयंपाकघरात उभ्या उभ्या आम्हाला सांगत होती, "पाय दिला तर गाडी मेल्यासारखी गप्प. आणखी थोडा दिला, तरी गप्प. आणि मग एकदम उडालीच."

हेच शब्द एखाद्या गिऱ्हाइकाने म्हटले असते, तर मी गाडीकडे न बघता सांगितलं असतं, टर्बो मोठा पडतोय. आईच्या तोंडून ऐकले, तर मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, असू दे गं, होतं असं. आठवलं की अजून स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

मग आमची सेवा सुरू झाली. मी तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, नजर तुमच्यापेक्षा चांगली आहे. हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी गुडघ्यावर छोटी हातोडी मारली, आईचा पाय असा उडाला की डॉक्टरांचा चष्मा थोडक्यात बचावला. ते म्हणाले, उत्तम आहे. आईला वाटलं, बिचारे मन राखतायत. घरी येऊन ती टीव्हीसमोर बसायची आणि पायाखाली पाण्याची बाटली घेऊन घोट्याचे व्यायाम करायची, मागे-पुढे, मागे-पुढे, शंभरदा. आम्ही दोघं तिच्याशी हळू आणि जरा मोठ्याने बोलायला लागलो. धाकटा तर जिना उतरताना तिचा दंड धरायचा. जन्मात कधी धरला नव्हता.

एक दिवस ती गॅरेजमध्ये आली आणि व्हॅनच्या किल्ल्या माझ्या टेबलावर ठेवल्या. सलूनचा दुसरा आरसा तयार झाला होता. ती म्हणाली, तो तू ने. माझ्या पायाचा भरवसा राहिला नाही. त्यानंतर व्हॅन विकून टाका, मी काही परत बसणार नाही. सगळं अगदी शांतपणे म्हणाली. मी किल्ल्या उचलून खिशात टाकल्या. तिच्यासमोर त्या टेबलावर पडलेल्या मला बघवत नव्हत्या.

पण आईची एक शिस्त आहे. तिच्या गाडीवर नवा माणूस आला की खरी काच न्यायच्या आधी त्याची तालीम होते. तेवढ्याच वजनाची भंगार काच लादायची आणि त्याच रस्त्याने जाऊन यायचं. पोटच्या पोरीलाही सूट नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चाकामागे बसले आणि ती शेजारी. तोवर ही व्हॅन मी रोलरवर सोडून कुठेच चालवली नव्हती. तिचा हुकूम एकच, काटा दोन हजारांच्या खाली.

सपाटीवर कसंबसं जमलं. चढाच्या गल्लीत वळणाशी ती म्हणाली, इथे थांब, आता निघ. मी क्लच सोडला. इंजिन बंद. पुन्हा चालू केलं, थोडा जास्त पाय दिला. बंद. तिसऱ्यांदा मात्र मला राग आला, मी पाय दाबला, काही नाही, आणखी दाबला, काही नाही, आणि मग व्हॅनने पाठीत लाथ घातल्यासारखी उडी मारली आणि मागे भंगार काचेचा चुरा झाला. मी अडतीस वर्षांची, वीस वर्षं गाड्या हाकलेली बाई. घामाने पाठ ओली झाली. आई माझ्याकडे वळली आणि माझ्या हातावर हात ठेवून, हळू आणि जरा मोठ्याने म्हणाली, "दमलीस का? सावकाश होऊ दे. होतं असं."

टोमणा असता तर बरं वाटलं असतं. तिने अगदी मायेने म्हटलं होतं, जसं मी तिला महिनाभर म्हणत होते. मी स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून तशीच बसून राहिले. तिचा पाय काय आणि माझा पाय काय, दोघींच्या पायाखाली गाडीने तेच केलं होतं. नेमकं घोडं कुठे पेंड खातंय ते तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात शिरलं.

सरळ गॅरेजवर आलो. मी व्हॅन रोलरवर चढवली, पट्ट्या आवळल्या, आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा सेटिंग बदलून मोजणी बाराशेवर आणली. आईला माझ्या शेजारी खुर्ची दिली. धाकटा ऑइलचे हात पुसत आला, काय चाललंय विचारायला लागला, मी त्याला गप्प उभं राहायला सांगितलं. कागद निघाला. उजवीकडे तेच जुनं वैभव, एकशे एकाहत्तर. डावीकडे टॉर्कची रेघ जमिनीला चिकटून सरपटत आलेली, आणि पावणेतीन हजारांच्या पुढे भिंतीसारखी सरळ उभी चढलेली. सोळाशेला टॉर्क एकशे तीस. कंपनीच्या पुस्तकात जुन्या टर्बोचा त्याच जागी आकडा होता दोनशे ऐंशी.

मी आईला सगळं समजावून सांगितलं. पेनाने कागदावर उभी रेघ मारली, म्हटलं, तू या रेघेच्या डावीकडे गाडी चालवतेस. इथे पूर्वी तुझ्या हाताशी त्रेसष्ट घोडे होते. आता एकोणतीस आहेत. उरलेले सगळे तिकडे पलीकडे उभे आहेत, तू त्यांच्यापर्यंत कधी जातच नाहीस. आणि चुकून गेलीस की सगळे एकाच वेळी अंगावर येतात. तिने कागद डोळ्यांजवळ घेतला आणि बोटाने ती सरपटणारी रेघ डावीकडून उजवीकडे नीट तपासली, काचेची कड तपासते तशी. जिथे रेघ उभी चढत होती तिथे बोट थांबलं. म्हणाली, आरसा इथे फुटला.

धाकटा माझ्या खांद्यावरून बघत होता. त्याचा चेहरा पडला, पण स्वभाव कुठे जातो. दबल्या आवाजात म्हणाला, पण वर एकशे एकाहत्तर आहेत ना. मी त्याच्याकडे असं बघितलं की तो दोन पावलं मागे सरला.

मला वाटलं होतं आई आता हसेल, निदान सुटकेचा श्वास टाकेल. तिने कागद माझ्या टेबलावर पालथा ठेवला. मग भिंतीवरच्या गाड्यांच्या कागदांकडे बघितलं, आमच्या हत्यारांकडे बघितलं, आणि शेवटी आम्हा दोघांकडे.

"सकाळपासून रात्रीपर्यंत तुम्ही गाड्या दुरुस्त करता," ती म्हणाली. "आणि गाडी अडायला लागली, तर गाडी तपासायचं सोडून आईला दवाखान्यात नेलंत."

ती पुढे म्हणाली, आणि मीही गेले, मलाही तेच वाटलं. तुम्ही दोघं एवढे जाणकार, तुम्हाला माझाच पाय म्हातारा वाटला, म्हणजे झालाच असणार. इतकं बोलून ती रडली. मी तिला फार क्वचित रडताना पाहिलंय. मीही रडले, आणि धाकटा तर आधीच बाहेर जाऊन पाण्याच्या टाकीपाशी उभा होता. शिंक आल्याचं ढोंग करत होता, पण एवढ्या शिंका कोणाला येत नाहीत.

जुना टर्बो त्याने टाकला नव्हता, नशीब माझं. त्याने तो उघडला, बेअरिंग बदलली, नळ्या धुतल्या आणि दोन दिवसांत परत बसवला. मी मोजणी बाराशेपासून घेतली. वरचा आकडा आला एकशे एकोणीस. कागद छापू नकोस, धाकटा म्हणाला. मी छापला. सोळाशेपासून टॉर्कची रेघ टेबलाच्या फळीसारखी सपाट पसरली होती आणि तिच्याखालून पॉवर एकेका फेऱ्याने, कोणाला धक्का न देता चढत होती. आईने उजवीकडचा आकडा पाहिलाच नाही. डावीकडची बाजू बघितली आणि किल्ल्यांसाठी हात पुढे केला.

तिने आम्हा दोघांना बरोबर यायला सांगितलं. सांगितलं कसलं, फर्मावलंच. व्हॅनला पुढे तीन जागा आहेत. मी मधे बसले, धाकटा दाराशी. मागे सलूनचा आरसा नमद्यावर टेकलेला, पट्ट्या तिने स्वतः बांधलेल्या. आमच्या गाठी तिला पसंत पडत नाहीत. सलूनवाली महिनाभर हातातल्या छोट्या आरशावर काम भागवत होती, दोनदा फोन करून वैतागून बोलली होती. हा दुसरा आरसाही फुटला असता, तर आई तिसरा कधीच न्यायला निघाली नसती, हे गाडीतल्या तिघांनाही ठाऊक होतं. धाकटा विनोद करायचा प्रयत्न करत होता. कोणी हसलं नाही.

चढाच्या गल्लीत शिरलो. वळणाशी वरून पाण्याचा टँकर आला, आई थांबली आणि तिने हँडब्रेक ओढला. टँकर व्हॅनच्या बाजूच्या आरशाला घासल्यासारखा सावकाश उतरून गेला. मागे एक गाडी येऊन चिकटली आणि लगेच हॉर्न वाजवायला लागली. रस्ता मोकळा झाला होता. आई निघाली नाही. ती समोर बघत बसली होती, दोन्ही हात स्टिअरिंगवर. मला वाटलं घाबरली.

"हात काढ," ती म्हणाली.

मला कळेना. मग मी खाली पाहिलं. माझी पाचही बोटं हँडब्रेकवर होती, घट्ट. ती तिथे केव्हा गेली मला पत्ता नव्हता. दोन्ही रेघा मीच काढल्या होत्या, आकडे मीच समजावले होते, आणि तरी माझा हात तिथे होता.

मी हात काढून मांडीवर ठेवला. पलीकडे धाकट्याने दाराचं हँडल पकडलं होतं, तेही त्याने हळूच सोडलं. मागचा हॉर्न चालूच होता. आईने आरशात बघितलं, मान हलवली, आणि ब्रेक सोडून पाय दिला.